मागच्या दोन खोल्यांचा मीटर

आमच्या चष्म्याच्या दुकानात वहिनी काचा घासायच्या. नंबर आला की गोल काच फ्रेमच्या मापात उतरवायची, कडा चाकावर धरून गुळगुळीत करायची, हे काम त्या मी काउंटरवर लागायच्या आधीपासून करत होत्या. सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, कारण दुकानाची फरशी त्यांच्या नवऱ्यानं बसवलेली आणि मालकांशी त्यांचा घरोबा. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत.

मिस्त्रींनी आयुष्यभर दगड आणि फरशा कापल्या. तोंडाला रुमाल बांधायचे, तोही आठवला तर. ती धूळ छातीत जाऊन बसली. पन्नाशीच्या आतच डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं कामातून गेलीत, आता ऑक्सिजनचं मशीन लावावं लागेल. ते मशीन विजेवर चालतं, खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाला पुरवतं. वहिनी त्या मशीनला सवत म्हणायच्या. "सदानकदा त्यांच्या उशाशी, आणि वर कुरकुर करते ती करतेच," असं म्हणून स्वतःच हसायच्या.

जुनं घर तिसऱ्या मजल्यावर. मिस्त्रींना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. म्हणून तळमजल्यावरचं घर हवं होतं, तेही दुकानाजवळ, म्हणजे दुपारी धावत जाऊन बघून येता येईल. चपला झिजल्या तेव्हा कुठे मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. पुढे एका वेल्डरचं दुकान, मागे या खोल्या. वहिनी बघायला गेल्या तेव्हा सुट्टीचा दिवस होता, वेल्डरचं शटर बंद होतं. दिवे लख्ख, पंखा गरागरा. सगळी बटणं दाबून पाहिली आणि त्यांनी होकार दिला.

सामान लावायला मी गेले होते. मिस्त्रींनी खुर्चीत बसल्या बसल्या काठीनं जमिनीवर टकटक केलं. "पोकळ बसवलीय ही फरशी. कोण गाढव होता?" त्यांना धाप लागली, पण चेहरा खुलला होता. कित्येक महिन्यांनी त्यांना दारातून रस्ता दिसत होता.

दुसऱ्या दिवशी वेल्डरनं काम सुरू केलं. दिवा पिवळा पडला, पंखा रेंगाळला, मशीन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं. वहिनी घरातच होत्या म्हणून निभावलं. त्यांनी अडीनडीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर उघडला, नळी बदलली आणि धावत पुढे जाऊन वेल्डरला थांबवलं.

वायरमन आला. मीटरपासून मागच्या भिंतीपर्यंत वायर बघत गेला आणि स्टुलावरून उतरून म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. मागच्या खोल्यांना स्वतःचा मीटरच नाही, वहिनी. वेल्डरच्या मीटरवरून सुतळीएवढी वायर ओढलीय. तो वेल्डिंगची कांडी टेकवतो तेव्हा सगळा जोर तोच खेचतो."

"मग जाड वायर टाका. नाहीतर स्टॅबिलायझर लावा."

"वायर बदलली तरी मुळात मीटरलाच एवढा भार झेपत नाही. स्टॅबिलायझर आडातच नसलेलं कुठून काढणार? बॅटरी लावलीत तर तीही धड भरायची नाही. वेगळा मीटर घ्या. खांबावरून नवी लाइन येईल. एका सकाळचं काम आहे."

त्या एका सकाळसाठी वहिनी वीज कार्यालयात किती वेळा गेल्या, याचा हिशेब त्यांनीही ठेवला नाही. तिथला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद उलटे-सुलटे करून पाहिले. घर अजून घरमालकांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं. वारस दोन मुलगे. "दोघांची संमती लागेल," तो म्हणाला. "एकाच अर्जावर. एकाची आणलीत तर मला पुढे सरकवता येणार नाही."

दोन्ही भावांचं त्याच घरावरून कोर्टात चाललं होतं. घर दाखवलं थोरल्यानं, भाडं दोघांत वाटलं जायचं, म्हणून वहिनींना आधी काही कळलंच नव्हतं. थोरल्याचं म्हणणं, घर एक आहे, दोघांचं आहे. धाकट्याचं म्हणणं, मागच्या खोल्या वडिलांनी मला एकट्याला दिल्यात.

थोरला म्हणाला, "बाई, मागच्या खोल्यांना वेगळा मीटर मी मागितला, तर त्या वेगळ्या आहेत हे मीच कबूल केल्यासारखं होईल."

धाकटा म्हणाला, "ताई, अर्जावर दोघे मालक असं लिहिलंय. त्यावर सही केली तर माझा हक्क मीच सोडला की! माझ्या एकट्याच्या नावानं अर्ज आणा, आत्ता करतो."

तोवर वेल्डरनंच एक तोड काढली होती. कांडी टेकवायच्या आधी तो ओरडायचा, "वहिनी, लावू का?" त्या आतून "थांबा" म्हणायच्या, मिस्त्रींना सिलिंडरवर घ्यायच्या आणि मग "लावा" म्हणायच्या. वहिनी कामावर असल्या की मिस्त्री स्वतःच नळी बदलायचे. पण ओरडायला श्वास लागतो. म्हणून ते काठीनं दारावर ठोकायचे. सिलिंडर भराभर संपायचे आणि नवा येईपर्यंत वेल्डर बिचारा हात बांधून बसायचा. त्याची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. त्यालाही पोट होतंच.

शेवटी वहिनींनी दोन्ही भावांना एकाच संध्याकाळी घरी बोलावलं. "समोर बघतील तर पाझर फुटेल," त्या मला म्हणाल्या. "तू ये. तुला बोलता येतं."

मी गेले. थोरला पलंगाच्या एका टोकाला खुर्चीत, धाकटा दुसऱ्या टोकाला. दोघांचं नाक एकसारखं, बसायची ढब एकसारखी, पण एकमेकांशी शब्द नाही. "यांना सांगा, तारीख जवळ आलीय," असं थोरला वहिनींना म्हणाला. "त्यांना सांगा, मला माहीत आहे," धाकटा म्हणाला. मधे मिस्त्री, नाकात नळी, पाहुणे आलेत म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

त्या दिवशी पुढच्या दुकानात वेल्डरचा कुणी बदली माणूस होता. त्याला हाळी द्यायचं ठाऊक नव्हतं. मशीन किंचाळून बंद पडलं. सिलिंडर उघडायची चावी वहिनींच्या हातातून निसटून पलंगाखाली गेली. मिस्त्रींचे ओठ निळसर झाले. थोरला उठून "बंद करा रे" म्हणत पुढे धावला. धाकटा जमिनीवर आडवा झाला, हात घालून त्यानं चावी काढली आणि वहिनींच्या बरोबरीनं फिरवली. थोरला परत आला तो घामानं डबडबलेला. "आला का श्वास?" त्यानं विचारलं, थेट भावाला. "येतोय," भाऊ म्हणाला.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज पुढे केला, पेन उघडून दिलं. मला जे सुचलं ते सगळं बोलले.

दोघांनीही अर्ज वाचला. मग थोरला म्हणाला, "वकिलांना विचारून सांगतो." धाकट्यानं कपड्यांवरची धूळ झटकली. "मलाही विचारावं लागेल." चहा झाला. दोघं निघाले, एक आधी, दुसरा थोडं थांबून.

ते गेल्यावर मिस्त्री वहिनींकडे वळले. मग म्हणाले, "मला ताईकडे सोड."

त्यांची बहीण दुसऱ्या गावी राहायची. बसनं अर्धा दिवस. तिथं वीज भरवशाची होती. वहिनींना जाणं शक्य नव्हतं, औषधपाणी त्यांच्याच पगारावर चालायचं आणि काचा घासायचं काम त्या गावात नव्हतं. "घर मिळेपर्यंतच," त्या म्हणाल्या. सिलिंडरची नळी लावून मिस्त्रींना गाडीत झोपवून नेलं.

घर मिळालं नाही. तळमजला मिळाला तर दुकानापासून लांब, जवळ मिळालं तर वर. आजारी माणूस म्हटलं की काही मालक सरळ नाही म्हणायचे. भावांच्या वकिलांकडून काही आलं नाही. आणि थंडीत मिस्त्री एकदा फार आजारी पडले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता यांना प्रवास झेपणार नाही.

गेल्या सुट्टीला मी वहिनींबरोबर गेले. नणंदेचं घर नीटनेटकं, मशीन एका सुरात चाललेलं. वहिनी आत शिरल्या शिरल्या पदर खोचून मिस्त्रींचे कपडे धुवायला उठल्या, तर कपडे धुऊन दोरीवर वाळतही आलेले. भांड्यांकडे वळल्या तर नणंदेनं हात धरून बसवलं. "वहिनी, तुम्ही बसा. दमून आलात. चहा टाकते." फार मायेनं म्हणाली ती. वहिनी बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

मिस्त्रींनी विचारलं, "घर बघतेस ना?"

"बघतेय की."

"तळमजलाच बघ."

"हो."

डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनाही ठाऊक होतं. मिस्त्रींनी डोळे मिटले. निघताना नणंदेनं पाहुण्यांना देतात तशी खाऊची पिशवी वहिनींच्या हातात ठेवली आणि दारापर्यंत पोचवायला आली. बसमध्ये मी बोलायला गेले, तर त्या म्हणाल्या, "नको गं आत्ता."