नव्या क्वार्टरबॅकची ट्रायल
दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमाचा वास आला, की मला ब्लँचर्डस्टाउनजवळचं ते ओलं मैदान आठवतं. अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाची मी तेव्हा डॉक्टर होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, खांदा धरून बसला होता. तो खांदा आता खेळण्याजोगा होणार नाही, असा रिपोर्ट माझ्या बॅगेत होता. “आज नव्याची ट्रायल होऊ दे, याला उद्या सांगू,” कोच म्हणाले, आणि मी मान डोलावली. जुन्याला वाटलं, नवा फक्त आपल्यामागे राखीव म्हणून येतोय. सकाळभर त्याने नव्याला संघाच्या सगळ्या खुणा शिकवल्या. चेंडू भिजून निसटायला लागला, तेव्हा हात पुसायचा स्वतःचा टॉवेल काढून त्याच्या कमरेला खोचला. मग माझ्यापुढे येऊन बसला. मी मलम चोळायला लागले. “डॉक्टर, कसा वाटतोय खांदा?” “ग्रँड,” म्हणजे एकदम ठीक, असं मी इथल्या आयरिश लोकांसारखंच म्हणून टाकलं. आता कुठलाही रिपोर्ट मी बॅगेत राहू देत नाही. तरी तो वास आला, की हाताखाली तोच खांदा येतो, माझ्या त्या एका शब्दावर निर्धास्त सैल झालेला.