बिघडत राहिलेला पेन ड्राइव्ह

लॅपटॉप सुरू होत नाही, याचा पुरावा म्हणून मी लेकीला जो फोटो पाठवला, तो त्याच लॅपटॉपवर काढलेला होता. तेव्हा मी सदुसष्टची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

हे गेल्यापासून निपाणीच्या घरात मी एकटी. एखाद्या दिवशी माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे फक्त गॅसवाला, आणि त्यालाही ओटीपीच हवा असायचा. लेक बेंगळूरला. रविवारी फोन, ‘जेवलीस? गोळ्या घेतल्यास?’, आणि संपलं. ह्यांचा जुना लॅपटॉप फारच रखडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "त्यात लिनक्स घाल, हलकी सिस्टिम हाय ती. पेन ड्राइव्ह तयार कर, मी सांगते."

पहिल्या दिवशी मी लिनक्सची डाउनलोड केलेली फाइल पेन ड्राइव्हवर नुसती ठेवली. लॅपटॉपनं ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून तिचा फोन आला.

"कॉपी केलीस व्हय? अगं, कॉपी न्हाय करायची. त्या प्रोग्रामनं लिहायची. तवाच त्यावरनं लॅपटॉप सुरू हुतोय."

"मग तसं सांगायचं की! मला वाटलं, पिशवीत भाजी टाकल्यागत टाकायची."

ती इतकी हसली की शेजारचं कुणीतरी कन्नडमध्ये काय झालं म्हणून विचारू लागलं. तिचा स्टॉप येईपर्यंत आम्ही बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं नीट झालं. नवी सिस्टिम बसली, मराठी टायपिंगसकट. संध्याकाळी तिनं विचारलं, "झालं का?" ‘व्हय’ म्हटलं असतं तर फोन तिथंच संपला असता.

"न्हाय गं," मी म्हटलं.

मग आठवडाभर माझा पेन ड्राइव्ह रोज बिघडला. कधी लिहिता लिहिता लाइट गेली, कधी तो लॅपटॉपला दिसेचना. ती बिचारी बसमधून रोज पहिल्यापासून समजवायची, आणि मी मोठी कलाकार, ‘हं, हं’ करत नव्या सिस्टिमवर पत्ते खेळत बसायचे.

शेवटी तिनं सुरू न होणाऱ्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्याचा फोटो मागितला. मी इंटरनेटवर तसला पडदा शोधला, स्क्रीनशॉट काढला, दिला पाठवून. त्यात खाली नव्या सिस्टिमची अख्खी पट्टी, आणि कडेला पत्त्यांचा अर्धा डाव.

दोन संध्याकाळी फोन आला नाही. बसची वेळ टळून गेली तरी मी मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली. आता रविवारचाही गेला, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाजला. मागं बसचा आवाज नव्हता.

"आई, काय बी बिघडलं न्हाय तरी फोन कर. रोज उचलीन असं न्हाय सांगत मी. पण लॅपटॉपचं निमित्त नको काढूस."