ताराच्या हातातली हातोडी

तारा मला पहिल्यांदा दिसली ती दोन्ही कानांवर हात ठेवून उभी असलेली. १९७० चा जुलै. सक्करदऱ्याच्या त्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. आमची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. अकराला पाच मिनिटं होती. बाकीच्या मुली वर्गाकडे धावत होत्या आणि ही भिंतीला चिकटून, आता मार बसणार अशा चेहऱ्यानं घंटेची वाट पाहत होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये ती मॅट्रिकच्या पहिल्या पेपरातून उठून पळाली होती. घंटा झाली, छाती धडधडली, श्वास पुरेना, अक्षरं दिसेनात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. हा भीतीचा आजार आहे. मुलगी नाटक करत नाही, तिला रागावू नका." तिचे वडील रुपराव विणकर होते. ते मला म्हणाले, "बाई, यंदा पास झाली तं पुढं शिकवतो. नाही तं काटोलचं स्थळ पक्कं."

मी मदतीला धावले आणि चुकले. चाचणीच्या दिवशी मी तिला मागच्या खोलीत एकटीला बसवायचे, घंटेच्या आधीच पेपर हातात द्यायचे. तिला चांगले गुण पडू लागले, मी खूश. दिवाळीनंतर मात्र ती रोजच अकराची घंटा होऊन गेल्यावर शाळेत येऊ लागली. माझ्या मायेनं तिची भीती वाढली होती.

हे ओळखलं आमच्या शिपाईबाई मनकर्णाबाईंनी. घंटा त्यांच्याकडे असायची.

"बाई, तुम्ही तिले लपवून राहिल्या," त्या म्हणाल्या. "लपवल्यानं भेव कमी होते का?"

"मग काय करू?"

"तिले माह्याजवळ द्या."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताराच्या हातात घंटेची हातोडी दिली. "नुसती धर. वाजवू नको."

"मावशी, हात थरथरून राहिला माहा."

"थरथरू दे. हातोडी वजनदार हाय, ते नाही थरथरत."

आठवडाभर तिनं नुसती धरली. मग मनकर्णाबाई वाजवायच्या आणि तारा शेजारी श्वास मोजत उभी राहायची. जानेवारीत एका सोमवारी अकराची घंटा वेडीवाकडी वाजली, दोन ठोके जास्त. मी खडू टाकून बाहेर पळाले. झाडाखाली तारा हातोडी धरून घामाघूम उभी होती.

"किती ठोके देशील वं? पोरी सुट्टी समजून घरी जातीन," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि तारा हसली. धडधड थांबली नव्हती. पण छाती धडधडत असतानाही हात चालतो, हे त्या दिवशी तिला कळलं आणि मलाही.

मार्चमध्ये परीक्षेचं केंद्र धरमपेठेत आलं. रुपराव तिला सायकलवर घेऊन आले. मी आणि मनकर्णाबाई आधीच फाटकाशी हजर. घंटा झाली. तारानं डोळे मिटले, तिचे ओठ हलू लागले.

"पळते का आता?" रुपराव पुटपुटले.

तिनं डोळे उघडले. "मावशी, आपली घंटी याच्याहून जोरात वाजते."

"मग जा नं. काहून उभी हायेस?"

ती आत गेली. तीन तास आम्ही तिघं समोरच्या झाडाखाली बसून होतो. मनकर्णाबाईंनी भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या; रुपरावांनी एकही सोलली नाही. शेवटच्या घंटेनंतर तारा सगळ्यात मागून आली, बोटांना शाई लागलेली. रुपरावांनी सायकलची घंटी तीनदा वाजवली.

जूनमध्ये ती दुसऱ्या श्रेणीत पास झाली. रुपरावांनी काटोलला पोस्टकार्ड टाकलं, मुलगी शिकून राहिली म्हणून.

मोठ्या घंटेला तिची छाती अजून धडधडते, असं ती सांगते. तारानं कन्हानच्या प्राथमिक शाळेत निवृत्तीपर्यंत दुसरीच्या वर्गाला शिकवलं.