अपडेट आणि दुधाचा कॅन

नगरजवळच्या आमच्या गावात दूध डेअरीतल्या कॉम्प्युटरवर बसणारा माणूस कॅनचा वास घेतल्याशिवाय दूध मापात घेत नाही. कॉम्प्युटरचंही त्याचं तसंच. अपडेट आलं की मापं थांबवून हाताची घडी घालून बसतो. रांग ओरडते. उन्हात कॅनमधलं दूध तापून नासेल म्हणून रांगेतला मीही ओरडायचो.

"आवो, नवं दिसतंय तरी काय त्यात?" शेजारचा फोटो स्टुडिओवाला हटकून खिजवायचा.

"दिसाया कायबी न्हाई. बारीक भोकं हुती, ती बुजवली."

गेल्या आठवड्यात लग्नाच्या फोटोंचा एक पेनड्राइव्ह गावभर फिरला. त्यातल्या व्हायरसनं स्टुडिओचा कॉम्प्युटर बंद पाडला, मग झेरॉक्सच्या दुकानातला. डेअरीत मात्र पेनड्राइव्ह लावताच पडद्यावर लाल पाटी झळकली: व्हायरस अडवला. डेअरीवाल्यानं पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवला आणि पुढच्या कॅनचा वास घेतला.

संध्याकाळी स्टुडिओवाला मोटारसायकलला कॅन बांधतात तसा आपला कॉम्प्युटर बांधून आला आणि रांग सोडून थेट टेबलापाशी घुसला.

"दादा, तेवढं बघा की!"

डेअरीवाल्यानं मानही वर केली नाही.

"लायनीत या."

कॅन खाली ठेवून अख्ख्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.