लाखेची शेगडी आणि बंद खिडकी

आतल्या खोलीची खिडकी मी खिळे ठोकून बंद करवली होती, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. त्या खोलीत मी स्वतः एक दिवस बसलो तेव्हा काय झालं, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

युद्धाचे दिवस होते. नगरच्या एका रेशनिंग कचेरीत मी हेडक्लार्क होतो, तिशीही उलटली नव्हती. कोरी कार्डं चोरून विकली जातात अशी बोलवा होती, आणि मला तर सगळ्यांचाच संशय. म्हणून कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आतल्या खोलीत ठेवले, खिडकी बंद केली आणि नियम घातला: गठ्ठा सोडला की पुन्हा बांधून त्यावर लाखेचं सील करायचं. दिवसातून दहा-बारा वेळा सील, म्हणजे लाख वितळवायला कोळशाची शेगडी दिवसभर धगधगत असायची. दारही लोटलेलं.

तिथे कार्डं लिहायला पारनेरकडचे एक गृहस्थ होते. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सकाळची त्यांची कार्डं बिनचूक. दुपारनंतर मात्र चार माणसांच्या घरात सहा माणसं लिहिलेली. मला वाटलं, सकाळी देखावा आणि दुपारी धंदा.

एकदा दाराशी येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, दुपारून डोकं लई जड हुतं. आकडे डोळ्यापुढं हालत्यात. घटकाभर खिडकी उघडली तर..."

बाहेरच्या टेबलावरचा कारकून हसला. "मास्तर, डोकं जड होतंय, का घरटी एक डोकं वाढतंय?"

मीही हसलो. खिडकी कशाला हवी? कार्डं बाहेर द्यायला? त्याच दिवशी मी साहेबांकडे रिपोर्ट केला.

चौकशीच्या आदल्या दिवशी मास्तरांना बाहेर बसवून मी त्यांच्या जागी बसलो. ह्या कामात चुकण्यासारखं काही नाही, हे साहेबांना दाखवायचं होतं. दुपारी कपाळ ठणकू लागलं. एकच अर्ज तीनदा वाचला तरी डोक्यात शिरेना. कसंबसं काम उरकून व्हरांड्यात आलो आणि वाऱ्याला बसलो. डोकं निवळल्यावर कार्डं अर्जांशी ताडून पाहिली. सात चुका. एकट्या विधवेच्या कार्डावर मी पाच माणसं लिहिली होती.

ती सात कार्डं मी शेगडीत घातली आणि नवी लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कोरी कार्डं मोजवली. सात कमी भरली. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे.

"भाऊसाहेब, तुमी काल आत हुता. तुमी तरी सांगा, आत डोकं चालतं का?"

"मला काही त्रास झाला नाही," मी म्हणालो.

मास्तरांना काढून टाकलं. पुढे मी खिडकी उघडवली, कारण लिहिलं 'अपुरा उजेड'. त्यांच्या जागी आलेल्या माणसाच्या चुका होईनात, तर सगळे म्हणाले, बघा, चोर गेला.

मास्तर आता थकलेत. गावात त्यांना अजून कार्डचोर म्हणतात, असं तिकडून येणारे सांगतात. ती कार्डं मी जाळली, आणि त्यांचं डोकं शेगडीच्या त्या कोंडलेल्या हवेनं चालत नव्हतं, हे त्यांच्या गावात चार माणसांसमोर उभं राहून सांगणं, एवढं मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.