तळमजल्यावरची मधुमालती

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगीत तळमजल्यावरच्या मालवणी काकांशी माझं बोलणं व्हायचं ते खिडकीतूनच. मधुमालती त्यांनी लावलेली, पण ऊन शोधत ती दुसऱ्या मजल्यावर माझ्या ग्रिलवर येऊन फुलायची. त्यांच्या वाट्याला नुसतं खोड. ते खोड काका जुन्या लुंगीच्या चिंध्यांनी पाइपाला बांधायचे. सुतळी काचते म्हणायचे. माणसांशी मात्र तुसडे. वेलीखाली कुणी स्कूटर लावली की शिव्याच. संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून झालं की मान वर करून एकच प्रश्न, "फुलली काय गो?"

परवा ड्रेनेजची लाइन बदलताना सोसायटीच्या माणसांनी ते खोड बुडाशी कापलं. आता भांडण होणार म्हणून मी खाली धावले, तर काका दारात उभे राहून नुसते बघत होते.

संध्याकाळी मी खिडकीत आले, तर काका उरलेल्या बुंध्यावर नेहमीसारखं पाणी ओतत होते.

"फुलली काय गो?"

ग्रिलवर रोजच्यासारख्याच पांढऱ्या कळ्या उमलल्या होत्या. "हो काका," मी म्हटलं.

बादली उपडी ठेवत ते म्हणाले, "फुलांका अजून कळूक नाय."