वड्याच्या टपरीवरची डबल बेल

मार्गासनीच्या रस्त्याला सकाळी मला ते रोज दिसायचे. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, डोक्याला मफलर, पायात नवेकोरे बूट. नाव मी कधी विचारलं नाही. चालताना वळण आलं की त्यांचा उजवा हात आपोआप बाहेर जायचा, मागून म्हैससुद्धा येत नसली तरी.

वड्याच्या टपरीपाशी मात्र ते थांबायचे. हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून कढईचा वास घ्यायचे. मी तिथंच बाकावर दुसरा वडा खात असायचो.

"वास घ्यायला डाक्टरनं मनाई न्हाई केली," एकदा ते हसून म्हणाले. "जन्मभर बसून हिंडलो बगा. हितं गाडी लावली की वडा ठरलेला. आता शुगर निघाली. म्हनलं, त्योच रूट पायी मारावा." मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "तुमची गाडी बी ओव्हरलोड हाय. चला की संगं!"

तेव्हापासून मी त्यांच्या मागं धापा टाकत चालतो आणि घरी जाऊन भाकरी-पालेभाजी खातो.

काल टपरीवर ताजा घाणा उतरत होता. त्यांनी वास घेतला, पण पाठीमागचा एक हात सुटला आणि हळूच परातीकडं निघाला. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. तरी मन घट्ट करून मी कंडक्टरसारखा ओरडलो, "टिंग टिंग!"

हात मागं आला आणि पाय पुढं निघाले.

"चला," वळूनही न बघता ते म्हणाले, "रिटायर झाल्यावर का व्हईना, कंडक्टर चांगला भेटला!"